खावपाक काय पोसपाक? एका कोंबडीच्या दुकानाचा लेखाजोखा

उत्तर गोव्यातल्या एका बाजारपेठेच्या कोपऱ्यावर हे दुकान आहे. पुढे लोखंडी पिंजऱ्यांच्या तीन रांगा, मागे कापायची मोरी, उजव्या भिंतीला खाद्याची पोती आणि पोत्यांच्या वर सशांचे नि लव्हबर्डचे लहान पिंजरे. नाव मुद्दाम देत नाही. अशी दुकानं आता बऱ्याच गावांत आहेत आणि खालचे गुणदोष त्यांनाही कमीजास्त लागू पडतील. गिऱ्हाईक समोर उभं राहिलं की पहिला प्रश्न कोंकणीत ठरलेला: "खावपाक काय पोसपाक?" म्हणजे खायला की पोसायला? कुठल्या पिंजऱ्यात हात जाणार, भाव वजनावर लागणार की नगावर, पक्षी पिशवीतून जाणार की खोक्यातून, हे सगळं त्या उत्तरावर.

आमचं मत आधीच सांगतो. खायला घेणाऱ्याची इथे चांगली सोय होते, पोसायला घेणाऱ्याची होत नाही. ऐकायला उलटं वाटेल. पण खायचा पक्षी वजनावर विकला जातो. तो आजारी पडला, पाण्याविना सुकला, तर तोटा दुकानदाराचा. पोसायचा जीव नगावर जातो. तो घरी चौथ्या दिवशी मेला तर दुकानाचं काही बिघडत नाही, आणि गिऱ्हाईक आपलंच काही चुकलं असं समजून गप्प बसतं.

खायच्या बाजूपासून सुरुवात करू. ब्रॉयलर इथे दोन किलोच्या आसपास मिळतो, म्हणजे ३५ ते ४२ दिवसांचा पक्षी. जिवंत दोन किलोतून कातडी काढून साधारण १३०० ग्रॅम मटण हातात येतं. त्याहून बरंच कमी आलं तर काट्यावर ठेवण्याआधी पक्षी खाऊन आला होता, असं समजावं. गळ्याखाली छातीच्या वर दाण्याची पिशवी असते, ती बोटांनी चाचपून बघा. टम्म फुगलेली असेल तर तुम्ही मटणाच्या भावात मका घेताय. इथे सकाळी आठच्या आधी गेलं तर पिशव्या रिकाम्या असतात, दहानंतर भरलेल्या. दुकानदाराला विचारलं तर तो हसतो आणि दुसरा पक्षी काढतो.

कापायला पत्र्याची नरसाळी आहेत आणि या दुकानाची खरी जमेची बाजू हीच. पक्षी नरसाळ्यात उलटा बसवला की पंख मिटलेले राहतात, फडफड होत नाही, मान खालच्या तोंडातून बाहेर येते आणि एका कापात काम होतं. मग दोन मिनिटं रक्त पूर्ण निथळू देतात. शेजारच्या गल्लीत कापलेला पक्षी प्लास्टिकच्या पिंपात टाकून झाकण लावतात. आत तो पंख आपटतो, हाडं मोडतात आणि छातीवर, पंखांच्या सांध्यांत लाल-काळे डाग राहतात. रक्त नीट न निथळलेलं मटण लवकर वास मारतं. नरसाळं दयेपोटी लावलंय की मटण स्वच्छ निघावं म्हणून, हा प्रश्न आम्ही सोडून देतो. पक्ष्याला दोन्हींचा फायदा सारखाच.

पिसं काढायचं रबरी बोटांचं यंत्रही आहे. त्याआधी पक्षी साठेक अंशांच्या पाण्यात मिनिटभर बुडवतात. पाणी उकळतं असेल तर कातडी शिजते आणि यंत्रात फाटते. ब्रॉयलरची कातडी काढली तरी चालेल, पण गावठी घेत असाल तर कातडीसकट घ्या आणि वर उरलेली बारीक लव जाळावर भाजून द्यायला सांगा. शागोतीची, म्हणजे खोबरं-मसाल्याच्या वाटपातल्या कोंबडीच्या रश्श्याची, अर्धी चव त्या कातडीखालच्या चरबीत असते. वर्षावरचा कोंबडा असेल तर कुकरला निदान सहा शिट्ट्या धरा. ब्रॉयलरला तेवढ्या दिल्या तर वाटपात नुसती हाडं उरतील.

आता 'गावठी' या शब्दाबद्दल, कारण सगळ्यात जास्त फसवणूक तिथेच होते. पिंजऱ्यावर गावठी लिहिलेल्या पक्ष्यांत निदान तीन प्रकार मिसळलेले असतात. एक खरोखर परसातला: बारीक पाय, हलकं अंग, कोंबडी सव्वा-दीड किलोच्या वर क्वचितच, पिंजऱ्याजवळ हात नेला की उडी मारून मागे सरकणारा. दुसरा वनराजा, ग्रामप्रिया किंवा गिरिराजा जातीचा. रंग गावठीसारखे, पण पाय जाड, छाती रुंद आणि स्वभाव थंड. वनराजा आणि ग्रामप्रिया हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेने परसातल्या पाळणुकीसाठीच तयार केल्या, त्यामुळे त्या वाईट नाहीत, फक्त त्यांना गावठीचा भाव द्यायचं कारण नाही. तिसरा प्रकार म्हणजे अंडी देऊन दमलेली लेअर कोंबडी. फार्मवाले ७२ आठवड्यांच्या सुमारास सगळा कळप विकून टाकतात, त्यातल्या तपकिरी कोंबड्या बाजारात येऊन गावठी होतात. ओळख सोपी आहे, चोच बघा. फार्मवर पक्ष्यांनी एकमेकांना टोचू नये म्हणून पिल्लांच्या चोचीचं टोक तापलेल्या पात्याने कापतात. वरची चोच बोथट आणि खालची पुढे आलेली दिसली की तो पक्षी कुणाच्या अंगणात वाढलेला नाही, दुकानदार काहीही सांगो.

गंमत अशी की पोसायला घ्यायची असेल तर या दुकानातली सगळ्यात चांगली वस्तू हीच दमलेली लेअर. लसीकरण झालेलं असतं, माणसाची सवय असते, पिसं झडून पुन्हा आली की आणखी वर्ष-दोन वर्षं ती अंडी देते. निवडताना तुरा फिका चालेल, पण पोटाखाली हात घालून छातीचं हाड चाचपा. सुरीच्या पात्यासारखं लागलं तर सोडून द्या. शेपटीखालची पिसं विष्ठेने माखलेली असतील तरीही नको. आणि घरी नेल्यावर पहिले १५ ते २१ दिवस जुन्या कोंबड्यांपासून लांब, वेगळ्या भांड्यातलं दाणापाणी. राणीखेत हा कोंबड्यांचा साथीचा रोग घरात शिरतो तो बहुतेक अशाच नव्या पाहुण्याबरोबर.

कडकनाथही आहे. झाबुआच्या कडकनाथला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आणि तेव्हापासून काळं पीस दिसलं की भाव चढतो. पिसांकडे बघू नका, तोंड उघडून जीभ बघा. जीभ, टाळू, तुरा, तळव्याची कातडी सगळं काळपट हवं. लाल तुऱ्याचा काळा कोंबडा हा फक्त काळा कोंबडा.

खाणं आणि पोसणं याखेरीज तिसरंही एक गिऱ्हाईक इथे येतं आणि त्याला दुकानदार सगळ्यात जास्त वेळ देतो: देवाला द्यायचा कोंबडा मागणारं. राखणदाराला किंवा देवचाराला सांगून ठेवलेलं असतं, त्यामुळे रंग सांगितलेला असतो, तुरा अखंड हवा, नखं शाबूत हवीत, डोळ्यांत खोट नको. हा पक्षी ना पाळीव ना बाजारी, पण त्याच्याइतकी बारकाईने तपासणी पोसायला नेल्या जाणाऱ्या एकाही पिल्लाची होत नाही. पोसायला येणाऱ्यांनी या गिऱ्हाइकाच्या मागे पाच मिनिटं उभं राहून पक्षी कसा तपासतात ते बघून घ्यावं.

पिल्लांचा विभाग हा दुकानाचा कच्चा दुवा. एका दिवसाची पिल्लं पुठ्ठ्याच्या खोक्यात येतात, एका खोक्यात शंभर. त्यांत गुलाबी, हिरवी, जांभळी रंगवलेलीही असतात; जत्रेच्या फेरीत मुलं हट्ट करून घेतात तीच. ही बहुतेक लेअर जातीची नर पिल्लं. ती अंडी देणार नाहीत आणि ब्रॉयलरइतकी भरणारही नाहीत, म्हणून हॅचरीला नकोशी. जो जीव मटणाच्या हिशेबातूनही बाद झाला, तोच रंग लावून खेळणं म्हणून विकला जातो. रंग पिसांवरचा असतो, नवी पिसं आली की दोन-तीन आठवड्यांत जातो. तेवढे दिवस पिल्लू काढतं का, हा खरा प्रश्न.

काढायचं असेल तर ऊब लागते. पहिल्या आठवड्यात ३५ अंश, मग दर आठवड्याला तीनेक अंश कमी. दहा-पंधरा पिल्लांना ६० वॅटचा जुन्या पद्धतीचा पिवळा बल्ब पुरतो, जमिनीपासून फूट-दीड फूट वर टांगलेला. एलईडी बल्ब उजेड देतो, ऊब देत नाही. दुकानात हे कुणी सांगत नाही आणि नेमकी हीच चूक घरोघर होते. पिल्लं बल्बखाली एकमेकांवर चढली तर थंडी वाजतेय, कडेला पसरून चोच उघडी टाकून बसली तर उकडतंय. खाली वर्तमानपत्र घालू नका, त्यावर पाय घसरून फाकतात आणि मग सरळ होत नाहीत. गोणपाट घाला. पावसात वीज गेली की गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून आत ठेवायची, एवढी तयारी आधीच हवी. ज्यांना हे जमणार नाही त्यांनी एका दिवसाचं पिल्लू घेऊच नये, सहा आठवड्यांची तलंग घ्यावी.

लसीचं विचारलं तर "सगळ्या दिल्यात" हे एकच उत्तर. नेमकं विचारा. हॅचरीत पहिल्या दिवशी मॅरेक्स रोगाची लस, पाचव्या ते सातव्या दिवशी राणीखेतसाठी लासोटा, चौदाव्या दिवसाच्या आसपास गंबोरो रोगाची, चौथ्या आठवड्यात पुन्हा लासोटा. तीन दिवसांच्या पिल्लाला "सगळ्या" लसी झालेल्या असणं शक्यच नाही. चार पिल्लांसाठी स्वतः लस आणणंही परवडत नाही, कारण लहानातली लहान कुपीही मोठ्या कळपाच्या हिशेबाने भरलेली असते आणि एकदा कालवली की तास-दोन तासांत संपवावी लागते. दुकानाने महिन्यातून एक दिवस ठरवून गिऱ्हाइकांच्या पिल्लांना एकत्र लस दिली तर खर्च चार आण्यांचा आणि नाव रुपयाचं होईल. तोवर पशुसंवर्धन खात्याच्या जवळच्या दवाखान्यात चौकशी करणं बरं.

ब्रॉयलरचं पिल्लू पोसायला मात्र कधीही नेऊ नका, स्वस्त असलं तरी. सहा आठवड्यांत वाढ पुरी व्हावी अशीच त्याची निवड झालेली आहे. त्यापुढे वजन वाढत राहतं, पाय झेपत नाहीत, पक्षी बसून राहतो, छातीवर जखमा होतात, काहींचं हृदय उन्हाळ्यातल्या एखाद्या दुपारी थांबतं. दया म्हणून वाचवलेल्या ब्रॉयलरचे शेवटचे आठवडे नरसाळ्यातल्या दोन मिनिटांपेक्षा जास्त वाईट जातात. आधीच आणला असेल तर खाद्य मोजून दोन वेळाच द्या, आणि दिवसभर चालायला लावा.

आता ससे. पोत्यांवरच्या पिंजऱ्यात पांढरे, लाल डोळ्यांचे, तळहातावर मावतील एवढे ससे असतात, आणि पाटीवर लिहिलेलं असतं 'ड्वार्फ'. ते ड्वार्फ नाहीत. ते न्यूझीलंड व्हाईट, म्हणजे मटणासाठी वाढवलेली जात. चार-पाच महिन्यांत तीन किलो, पूर्ण वाढीत चार ते पाच. राखाडी असतील तर सोव्हिएत चिंचिला किंवा ग्रे जायंट, त्याही मटणाच्याच जाती. खऱ्या ड्वार्फचे कान डोक्याच्या मानाने आखूड असतात आणि तो इतक्या स्वस्तात मिळत नाही. जात मटणाची आहे म्हणून ससा वाईट नव्हे, उलट स्वभावाने शांत. पण बाल्कनीतल्या फूटभर पिंजऱ्यासाठी घेतलेला जीव सहा महिन्यांत त्या पिंजऱ्यात आडवाही होऊ शकत नाही.

दुसरी तक्रार वयाची. ही पिल्लं चार आठवड्यांची असतात, अजून दुधावरची. सहा ते आठ आठवड्यांच्या आधी आईपासून तोडलेल्या पिल्लाच्या आतड्यात चाऱ्याची सवय तयार झालेली नसते. दुकानात त्यांना कोबीची पानं आणि गाजर घालतात, घरीही तेच सांगतात, आणि तिसऱ्या दिवशी हगवण लागते. सशाचं मुख्य खाणं सुकं गवत, दिवसाच्या खाण्याचे पाचांतले चार भाग. आपल्याकडे डोंगरउतारावरचं वाळलेलं करड गवत मिळतं, ते बुरशी न लागलेलं असेल तर छान चालतं. नुसता भाताचा पेंढा पोट भरतो, पोसत नाही. गाजर म्हणजे खाऊ, बोटाच्या पेराएवढं. सशाने बारा तास काही खाल्लं नाही आणि लेंडी पडली नाही तर वाट बघायची नाही, डॉक्टरकडे न्यायचं. त्याला उलटी करता येत नाही आणि आतडं एकदा थांबलं की लवकर सुरू होत नाही. एप्रिल-मेमध्ये तिशीच्या वर पारा आणि वर दमटपणा हे सशाला सोसत नाही. पाणी गोठवलेली प्लास्टिकची बाटली फडक्यात गुंडाळून पिंजऱ्यात ठेवा, तो तिला टेकून बसतो.

दोन 'माद्या' म्हणून दिलेल्या जोडीत एक नर निघणं हे इथे इतकं नित्याचं आहे की ते गृहीतच धरावं. एवढ्या लहान वयात लिंग ओळखणं अवघड असतं, दुकानदाराला ते येत नाही आणि तो तसं कबूल करत नाही. गाभण राहिल्यापासून ३१ दिवसांत सहा ते आठ पिल्लं. मग गिऱ्हाईक सगळं लटांबर घेऊन दुकानात परत येतं. दुकान परत घेतं, पैसे देत नाही. आणि मग मोठे झालेले ससे पोत्यांवरच्या पिंजऱ्यातून खालच्या पिंजऱ्यात जातात, जिथे भाव वजनावर असतो. दाराशी विचारलेला प्रश्न इथे गिऱ्हाइकाच्या मागे परस्पर पुन्हा विचारला जातो, आणि उत्तर दुकानदार देतो. परत करताना हे माहीत असू द्या, एवढंच.

खाद्य: उघड्या पोत्यातलं सुटं घेऊ नका, निदान पावसाळ्यात तरी नाहीच. मक्याला बुरशी धरते आणि तिचं विष डोळ्यांना दिसत नाही. गुठळी, कोंदट वास, हिरवट डाग यातलं एकही दिसलं तरी परत. अंडी देणाऱ्या कोंबड्यांचं खाद्य पिल्लांना घालू नका. त्यात साडेतीन-चार टक्के कॅल्शियम असतं, पिल्लांची मूत्रपिंडं जातात. आणि ब्रॉयलरचं खाद्य सशाला तर अजिबात नको, त्यात घातलेली काही औषधं सशाला विषारी आहेत. दुकानातला पोऱ्या मात्र तिन्हींना एकाच मापाने, एकाच पोत्यातलं देतो.

कुत्र्यासाठी माना, पाय, गिझार्ड आणि कातडी वेगळी बांधून मिळतात, भाव रास्त. कातडी जास्त घेऊ नका, चरबीने स्वादुपिंड सुजतं. काळीज एकूण खाण्याच्या विसाव्या भागाहून जास्त नको. शिजवलेलं हाड द्यायचं नाही, ते फुटून टोकदार चिरफळ्या होतात. माना शिजवल्यावर मांस ओरबाडून हाडं टाकून द्या. कांदा, लसूण आणि आदल्या रात्रीचा शागोतीचा रस नाही. नुसतं भात-चिकन रोज घातलं तर कॅल्शियम कमी पडतं, हे वाढत्या पिल्लाच्या पायांत आधी दिसतं. सोमवारी आणि श्रावणात घर शिवराक, म्हणजे शाकाहारी, असतं तेव्हाही या पुड्यांचा खप थांबत नाही. मागच्या दारी विटांच्या चुलीवर कुत्र्याचं वेगळं पातेलं चढतं, ते घरात येत नाही, आणि त्याबद्दल कुणाला काही वावगं वाटत नाही.

परवान्यांचं चित्र बोलकं आहे. अन्नसुरक्षेचा परवाना काचेच्या चौकटीत, गल्ल्याच्या मागे. पाळीव प्राणी विकायला २०१८ च्या नियमांनुसार राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे वेगळी नोंदणी लागते, आणि त्या नियमांत ससाही येतो. ती पाटी नाही. विचारलं तर "करतोय". देशी पोपट ठेवत नाहीत हे बरं आहे, १९७२ च्या वन्यजीव कायद्याने त्यांची विक्री गुन्हा आहे.

पक्षी हाताळण्याबद्दल एक सांगायला हवं. "पोसपाक" म्हटलं की तोच पोऱ्या दोन्ही हातांनी, पंख अंगाशी दाबून, पोटाखाली तळहात देऊन कोंबडी काढतो. "खावपाक" म्हटलं की त्याच पिंजऱ्यातली कोंबडी एका पायाला धरून उलटी बाहेर येते. १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा खाण्यासाठी मारण्याला सूट देतो, तीही विनाकारण हाल होत नसतील तरच. मारण्याआधी उलटं लटकवत नेण्याला ती सूट नाही. शिवाय एका पायाला धरलं की मांडीचा सांधा निखळतो आणि आत रक्त साकळतं. साफ केल्यावर मांडीत काळा गोळा दिसला तर तो तिथला. दोन्ही हातांनी काढायला सांगा, तो ऐकतो.

घरी न्यायला स्वतःचं पुठ्ठ्याचं खोकं न्या, बाजूंना भोकं पाडून. दुकान प्लास्टिकची पिशवी देतं, स्कूटरच्या हुकाला ती लटकवली की अर्ध्या तासात पक्षी गुदमरतो. शुक्रवार आणि रविवार सकाळ टाळा. श्रावण लागायच्या आधीचा आठवडाही टाळा, तेव्हा एका पिंजऱ्यात दुप्पट पक्षी कोंबलेले असतात आणि कुणाला बोलायला वेळ नसतो. श्रावण लागला की मटणाचा खप उतरतो, पिंजरे मोकळे होतात, दाणा-पाणी वेळेवर पडतं. पोसायची कोंबडी घ्यायला चवथीच्या आधीचे ते आठवडे सगळ्यात चांगले.